राजीनाम्यावरचा अंगठा

कंपनीची जीप कोर्टाच्या फाटकातून आत आली तेव्हा मागच्या सीटवर मला हलीमा दिसली. एका बाजूला मॅनेजर नाडगौडा, दुसऱ्या बाजूला मुकादम भैरू चांदेकर आणि दोघांच्या मधे अंग चोरून बसलेली हलीमा मुल्लाणी. ईदला नेसायची हिरवी साडी नेसून आली होती. अकरा वर्षं जी बाई रोज माझ्यासमोर बसून काम करत होती, ती आज कंपनीची साक्षीदार होती.

मी जिन्यापाशी उभी होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी, कंपनीनं दिलेल्या कागदांच्या झेरॉक्स आणि माझी वही. पहाटेच्या एसटीनं चंदगडहून कोल्हापूरला आले होते, निम्म्या वाटेपर्यंत उभ्यानं. जीपमधून उतरताना हलीमानं मला पाहिलं आणि पदर पुढं ओढून ती भैरूच्या आड झाली.

भैरू मात्र थांबला. "काय गोजराक्का, वकील कुठाय तुझा?"

"तुझ्यासमोर उभा हाय," मी म्हटलं.

"चांगला हाय का?"

"आज कळंल की."

तो हसत वर गेला. मी पिशवीतली वही एकदा चाचपून बघितली. भीती होती, नाही असं नाही. पण नुसती भीती नव्हती. जत्रेत कुस्ती लागायच्या आधी हलगी सुरू होते तेव्हा छातीत जे होतं, तसं काहीतरी होत होतं. दोन वर्षं तारखांवर तारखा पडल्या होत्या. त्या दिवशी दोन्हीकडच्या साक्षी एकाच दिवसात घेऊन टाकायच्या, असं न्यायाधीशसाहेबांनी ठरवलं होतं. म्हणजे निकाल नंतर लागला तरी संध्याकाळपर्यंत अंदाज येणार होता की मी पुन्हा माझ्या यंत्रावर बसणार की नाही.

मी काजूच्या कारखान्यात कटिंगला होते. वाफवलेली बी पात्याखाली धरायची, पायानं दांडा दाबायचा, टरफल फुटलं की समोरच्या बाईनं सुईनं गर काढून घ्यायचा. मी फोडायची, हलीमा काढायची. टरफलात काळा चीक असतो. तो लागला की कातडी जळते, सालं निघतात. त्यासाठी कारखान्यातून दर आठवड्याला एरंडेल मिळायचं आणि घरून आम्ही चुलीतली राख न्यायचो. तेल चोळून वर राख लावली की चीक जरा कमी चावतो. तरी बोटं काळी ती काळीच. गेटवर रोज सकाळी हजेरीला अंगठा द्यायचा, तेव्हा तिथला कारकून म्हणायचा की तुम्ही कटिंगच्या चाळीस बायका म्हणजे माझ्या रजिस्टरात एकच बाई. आम्ही ते हसण्यावारी न्यायचो.

एकोणीसशे एक्याण्णवच्या मार्चमध्ये तेल बंद झालं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. हलीमाच्या हाताला फोड आले आणि सुई धरता येईना. तेव्हा मी नाडगौडांच्या टेबलापुढं जाऊन सांगितलं की तेल येईपर्यंत आमची यंत्रं बंद. त्या दिवशी, एकोणीस मार्चला, चाळीस बायका तासभर हात बांधून बसल्या. दुपारी तेल आलं. वीस तारखेला सकाळी गेटवर वॉचमननं मला अडवलं. म्हणाला, अक्का, तुझं नाव काढलंय.

मी सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडं अर्ज केला. पावसाळा सरल्यावर तिथं कंपनीनं सांगितलं की बाईला कुणी काढलंच नाही, तिनं एकोणीस मार्चला संध्याकाळी आपल्या खुशीनं राजीनामा दिला, त्यावर तिचा अंगठा आहे. तिथं काही मिटलं नाही आणि प्रकरण कोर्टात आलं. गडहिंग्लजला एका वकिलाकडं गेले. त्यांनी झेरॉक्स पाहिली आणि परत माझ्याकडं सरकवली. म्हणाले, अंगठा आहे ना कागदावर, मग आता बोलण्यासारखं काय राहिलं. मी त्यांच्या पायऱ्या उतरले आणि ठरवलं की मीच बोलायचं. बोलता मला येतच होतं. येत नव्हतं ते वाचायला.

तेही शिकले. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला होता. बालवाडीच्या उषाताई दुपारी देवळात शिकवायच्या. बेचाळिसाव्या वर्षी मी पाटी घेतली. बाकीच्या बायका बाराखडीतून पुढं गेल्या की गाणी वाचायच्या. मी मात्र कोर्टाची नोटीस घेऊन बसायची आणि उषाताईंना एकेक शब्द विचारायची. त्या म्हणायच्या, "अहो, हे पुस्तकात नाही." मी म्हणायची, "माझ्या पुस्तकात हेच हाय."

पहिल्या तारखेला एक गंमत झाली होती. न्यायाधीशसाहेबांनी मला विचारलं की कंपनीला वकील द्यायचाय, या कोर्टात त्याला तुमची संमती लागते, तुम्ही हरकत घेऊ शकता. मी नाडगौडांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, येऊ दे साहेब, त्यांच्या बाजूनंही कुणीतरी बोलायला पाहिजे की. सगळं कोर्ट हसलं. घरी आल्यावर मात्र उषाताईंनी कपाळाला हात लावला. तसे आले ते वकील इंगवले. काळा कोट, बारीक आवाज, मोठा शांत माणूस.

त्या दिवशी आधी माझी साक्ष झाली. मी सगळं सांगितलं. तेल, बंद यंत्रं, गेट. साहेब एकेक वाक्य टायपिस्टला सांगत होते आणि ती खटाखट उतरवत होती. मग इंगवले उठले. त्यांनी मला फार काही विचारलं नाही. एक कागद माझ्या हातात दिला.

"गोजराबाई, हा अंगठा कुणाचा?"

तोपर्यंत मी त्या राजीनाम्याची झेरॉक्सच पाहिली होती. झेरॉक्सवर नुसता काळा ठिपका दिसायचा. हा मूळ कागद होता. जांभळी शाई. मी तो डोळ्यांजवळ नेला. अंगठ्यातली रेघन् रेघ उमटली होती. मधे भोवरा, भोवऱ्याच्या डाव्या अंगाला विळ्याच्या जुन्या जखमेची आडवी खूण. ती लहानपणची खूण माझी होती. अंगठा माझाच होता.

आणि त्याच क्षणी मला आषाढातली ती सकाळ आठवली. कामावरून काढल्याला तीन-साडेतीन महिने झाले होते. मी वाफ्यातली नाचणीची रोपं उपटत होते. भैरू छत्री घेऊन बांधावर आला. म्हणाला, अक्का, साहेबांचा राग गेलाय, नव्या हंगामाला तुला बोलावायचंय, त्यासाठी हा फॉर्म भरायचा. मी हात धुतले, पदराला पुसले आणि त्यानं पुढं केलेल्या पॅडवर अंगठा टेकला. तेव्हा मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. बोलावणं आलं नाही, आणि तो फॉर्म मी विसरूनही गेले होते.

"गोजराबाई," इंगवले म्हणाले, "अंगठा कुणाचा, एवढंच विचारलं."

मी त्या रेघांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. कारण मला त्या कागदावर आणखी काहीतरी दिसलं होतं.

"माझाच," मी म्हटलं.

नाडगौडांनी खुर्चीत पाठ टेकली. साहेबांनी टायपिस्टला हातानं थांबवलं.

"बाई, नीट विचार करून सांगा. हे उत्तर मी लिहून घेणार आहे."

"घ्या साहेब. माझाच हाय. शंभर टक्के."

पुढं मी भैरूचं सांगायला लागले तर इंगवल्यांनी हरकत घेतली की मला विचारायचं होतं ते संपलं. तरी साहेबांनी भैरू आणि तो फॉर्म एवढं दोन ओळींत लिहून घेतलं आणि म्हणाले, आता पुढचं त्यांच्या साक्षीदाराला विचारा. इंगवले हसून म्हणाले की मुकादमानं फसवलं, असं प्रत्येकच जण म्हणतो. ते खरं होतं. माझ्या शब्दाला कुणाचा आधार नव्हता. पण मला त्या घडीला शब्दांची काळजी नव्हती. मला दुपारच्या सुट्टीची घाई झाली होती.

सुट्टीत मी नळावर गेले तर हलीमा तिथं एकटीच होती. भैरू जेवायला बाहेर गेला होता. मला बघून ती निघाली, मग थांबली.

"गोजरे, तू कबूल का केलंस गे?" ती हळूच म्हणाली. "आता मला बोलावंच लागणार. माझा माणूस त्यांच्या भट्टीवर हाय. तू अंगठा देताना मी बघितलं असं म्हणायचंय. जीपमधी पाठ करून घेतलंय माझ्याकडनं."

"कुराणावर हात ठेवून म्हणणार?"

नळ चालूच होता. ती हात धूत होती, मघापासून धूतच होती. मी तिच्या हातांकडं पाहिलं. परवापर्यंत कटिंगवर असलेले हात.

"हलीमा, तू आता फोडायला बसतीस काय गे?"

"तुझ्या जागी. दोन वर्षं झाली."

"साबण हाय का तुझ्याकडं?"

तिला वाटलं असेल की माझं डोकं फिरलं. मी तिला सांगितलं की तू बोलायची काळजी करू नको, तुला बोलावं लागणार नाही. आणि कोर्टासमोरच्या दुकानातून अंगाच्या साबणाची वडी आणून पिशवीत टाकली. भाकरी तशीच राहिली.

सुट्टीनंतर नाडगौडा पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांनी येताना हजेरीचं रजिस्टर आणलं होतं, जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीचं. एकोणीस मार्चपर्यंत बाईचा अंगठा आहे, वीसपासून रकाना रिकामा, म्हणजे ती आपणहून यायची बंद झाली, हे त्यांना दाखवायचं होतं. ते दाखवून झाल्यावर साहेब मला म्हणाले, "विचारा, बाई."

मी उठले. वहीत मी एकवीस प्रश्न लिहून आणले होते. ती वही मी मिटली.

"नाडगौडासाहेब, मी कुठल्या खात्यात होते?"

"कटिंग," नाडगौडा म्हणाले.

"एकोणीस मार्चला कामावर होते?"

"होतात. रजिस्टरात आहे."

"सकाळी कितीला हजेरी दिली?"

"आठ वाजता. सगळ्यांसारखी."

"आणि राजीनाम्यावर अंगठा?"

"संध्याकाळी सहा. पाळी सुटल्याबरोबर तुम्ही सरळ माझ्या टेबलाशी आलात."

"सरळ?"

"सरळ."

"पॅड कुठला होता?"

त्यांनी इंगवल्यांकडं पाहिलं. इंगवल्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "कारखान्यात एकच पॅड आहे," नाडगौडा म्हणाले. "हजेरीचा. गेटवरून मागवला."

साहेबांनी ही सगळी उत्तरं एकेक करून टायपिस्टला सांगितली. मी प्रत्येक उत्तराला थांबत होते. मला घाई करायची नव्हती. खरं तर धावत जाऊन ते रजिस्टर उघडावंसं वाटत होतं. शेवटचं वाक्य टाइप झालं तेव्हा मी म्हटलं, "साहेब, आता रजिस्टरात एकोणीस मार्च बघा. माझा अंगठा. आणि शेजारी तो राजीनामा ठेवा."

साहेबांनी पान काढलं. चष्मा पुसला. कागद शेजारी ठेवला. मग मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं. फेब्रुवारी. जानेवारी.

"हे डाग कसले आहेत?" त्यांनी विचारलं.

"अंगठे हाईत, साहेब. कटिंगच्या बायकांचे."

रजिस्टरात माझ्या नावापुढं रोज एक जांभळा ठिपका होता. गुळगुळीत, भरीव. रेघ नाही, भोवरा नाही, विळ्याची खूण नाही. माझ्या वर हलीमाच्या नावापुढं तसाच. चाळीस नावांपुढं तसाच. चीक बोटांची वरची कातडी खातो. नव्या बाईच्या अंगठ्यावर सुरुवातीला रेघा असतात, पावसाळा लागेपर्यंत त्या जातात. मग अंगठा नदीतल्या गोट्यासारखा होतो. आम्हा बायकांना त्यात काही नवल नव्हतं. तो कारकून आमची चेष्टा करायचा ती याचीच.

इंगवले पुढं झाले. ते म्हणाले की गेटवर गर्दी असते, शाई जास्त लागली की ठसा असा फासतो.

"त्याच पानावर खाली ग्रेडिंगच्या बायका हाईत," मी म्हटलं. "त्या सोललेला काजू निवडतात. त्यांना चीक लागत न्हाय. पॅड तोच, कारकून तोच, येळ तीच. त्यांचे अंगठे बघा, साहेब."

साहेबांनी बोट खाली सरकवलं. ग्रेडिंगच्या बायकांच्या नावांपुढं कशा बारीक, स्वच्छ रेघा होत्या. त्यांनी रजिस्टर इंगवल्यांच्या बाजूला वळवलं. इंगवल्यांनी वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज जरा वाढलेला ऐकू आला. ते म्हणाले की बाई दिवसभर काळ्या हातानं काम करते, राजीनामा द्यायला येताना तिनं साबणानं हात धुतले असतील, काळं निघाल्यावर ठसा स्वच्छ येणारच.

मी याचीच वाट बघत होते.

"साहेब," मी म्हटलं, "कंपनीची पुढची साक्षीदार बाहेर बसलीय. हलीमा मुल्लाणी. दोन वर्षं माझ्या जागेवर फोडायला बसती. तिला तोंडानं काय विचारायच्या आधी तिचा अंगठा घ्या. हा साबण मी आणलाय. तुमच्या शिपायासमोर तिला पाहिजे तेवढे हात धुऊ दे."

"ती आमची साक्षीदार आहे, साहेब," इंगवले म्हणाले.

"म्हणूनच," साहेब म्हणाले.

हलीमा आत आली तेव्हा तिचे ओठ हलत होते. पाठ केलेलं मनात म्हणत असावी. शिपाई तिला व्हरांड्याच्या नळावर घेऊन गेला. उघड्या दारातून आम्हाला सगळं दिसत होतं. ती आपली हात धुतेय, फेस काळा होतोय, शिपाई म्हणतोय, अजून धुवा, ती अजून धुतेय. साबणाची वडी निम्मी झाली. टायपिस्टसुद्धा उठून दारात गेली होती. परत आल्यावर कोऱ्या कागदावर, कोर्टाच्या पॅडवरून, हलीमाचा अंगठा घेतला. साहेबांनी मलाही बोलावलं आणि तिच्या ठशाशेजारी माझा घेतला.

कागदावर दोन अंगठे झाले. डावीकडं गोल, गुळगुळीत ठिपका. उजवीकडं भोवरा, रेघा आणि विळ्याची खूण.

"दोन वर्षं झाली मला चीक लागला न्हाय, साहेब," मी म्हटलं. "पहिल्या महिन्यात सालं गेली. तिसऱ्या महिन्यात रेघा आल्या. मला इतकं अप्रूप वाटलं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. राजीनाम्यावरचा अंगठा माझाच हाय. पण तो एकोणीस मार्चचा न्हाय. त्या दिवशी माझ्याजवळ असला अंगठाच नव्हता. सकाळी आठला डाग आणि संध्याकाळी सहाला रेघा, असं कसं होईल? माझी कातडी यायला आषाढ उजाडला. भैरू बांधावर आला तेव्हाच हे दिलं मी."

साहेबांनी भैरूकडं पाहिलं. भैरू खाली बघत होता. नाडगौडा पिंजऱ्यात उभेच होते आणि त्यांना बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"इंगवले," साहेब शेवटी म्हणाले, "या साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचं आहे?"

इंगवल्यांनी तो दोन अंगठ्यांचा कागद हातात घेतला, पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"नाही, साहेब. मी साक्षीदार सोडतो."

हलीमाला कळलंच नाही. ती तशीच उभी राहिली, ओल्या हातांनी. शिपाई म्हणाला, जा, झालं तुमचं. तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. दारातून जाताना तिनं हात पुसले नाहीत, तसेच समोर धरून चालत गेली, जणू कुणी ते हिसकावून घेईल.

दोन महिन्यांनी निकाल आला. मला पूर्वीच्याच जागेवर, पूर्वीच्याच नोकरीत घ्यायचा हुकूम होता. कोर्टाच्या कारकुनानं विचारलं, वाचून दाखवू का. मी नको म्हटलं. स्टँडवर येऊन बाकावर बसले आणि बोट ठेवून एकेक शब्द लावत वाचलं. एका जागी "फसवणुकीने मिळवलेला" असं होतं. तो शब्द मी तीनदा वाचला, चुकत नाहीये ना म्हणून. तेवढ्यात चंदगडची गाडी लागली, भरली आणि निघूनही गेली. मला पत्ता नाही. पुढची गाडी मिळेपर्यंत मी तो कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला, शेजारी बसलेल्या एका अनोळखी म्हातारीला मोठ्यानं.

कामावर गेले त्या सकाळी गेटवरच्या कारकुनानं सवयीनं पॅड पुढं केला. मी त्याच्या खिशातला पेन मागितला. सही करायला वेळ लागला, मागं बायकांची रांग थांबली, कुणी म्हणालं, अक्का, पोथी लिहितीस काय. कुणी हसलं. पण पुढं ढकललं कुणी नाही.

आत माझ्या यंत्राचं स्टूल पुसून ठेवलेलं होतं. हलीमा समोर, सुईच्या बाजूला जाऊन बसली होती. तिनं एरंडेलाची बाटली माझ्याकडं सरकवली.

"राख आणलीस का गे?" तिनं विचारलं.

"विसरले."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून अर्धी पुडी माझ्यापुढं टाकली. त्या दिवसाबद्दल ती एवढंच बोलली, आणि मीही कधी काढलं नाही.

पुढं अठरा वर्षं मी त्याच जागेवर होते. रेघा काही आठवड्यांतच गेल्या. निवृत्त झाल्यावर येतील असं वाटलं होतं, पण म्हातारी कातडी पुन्हा धरत नाही म्हणतात. त्या आल्या नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी आणि हलीमा बँकेत गेलो होतो. आता अंगठा शाईवर नाही, काचेवर ठेवायचा असतो. काचेनं माझा अंगठा घेतला नाही. मग तर्जनी, मग डावा हात, मग दहाही बोटं. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी माझं बोट ओल्या रुमालानं पुसलं, दाबून धरलं. काच आपली लालच.

"आजी, तुमचा अंगठा कुठंच नीट उमटलेला नाही का हो?" त्या कंटाळून म्हणाल्या. "काहीतरी जुनं कागदपत्र?"

"एका ठिकाणी हाय," मी म्हटलं. "अगदी रेघन् रेघ. कोल्हापूरच्या कोर्टात. मी कधी न दिलेल्या राजीनाम्यावर."

बाईंना काही कळलं नाही. पण मागं रांगेत उभी असलेली हलीमा हसायला लागली. इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. आणि तिचा अंगठा मात्र तसाच पुढं धरलेला होता, तिच्या पाळीची वाट बघत, गुळगुळीत.